फीचर फ्लॅग: प्रॉप्सने की कॉन्टेक्स्टने?

यवतमाळकडच्या एखाद्या कापूस खरेदी केंद्राचं रिॲक्ट (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) ॲप घ्या. 'ओलाव्याची नोंद' ही नवी सोय आधी एकाच जिनिंगला दाखवायची आहे, म्हणजे फ्लॅग (सोय चालू-बंद ठेवणारी खूण) आलाच.

प्रॉप्स म्हणजे एका कंपोनंटने (स्क्रीनच्या तुकड्याने) खालच्याला हातोहात दिलेली माहिती; हा रस्ता सरळ. कुणाला काय मिळतं ते कोडमध्येच दिसतं, टेस्टही सोपी. दोन पातळ्यांपर्यंत मी हेच करीन. पण काटापावतीच्या बटणापर्यंत मधले चार कंपोनंट त्या फ्लॅगशी काही घेणंदेणं नसताना तो पुढे ढकलत राहतात, हे मला पटत नाही.

म्हणून माझा कौल कॉन्टेक्स्टला, म्हणजे मधल्यांना वगळून माहिती थेट खाली पोचवणाऱ्या रिॲक्टच्या सोयीला. आजचा कॉन्टेक्स्ट 2018 मध्ये 16.3 आवृत्तीत आला. वर एक प्रोव्हायडर (माहिती पुरवणारा कंपोनंट), खाली हवं तिथे वाचा. मात्र व्हॅल्यू बदलली की ती वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो (नव्याने आखला जातो), मधे मेमो (नको असलेलं रेंडर टाळणारी सोय) असला तरी. व्हॅल्यू म्हणून दर रेंडरला नवा ऑब्जेक्ट दिलात, तर साध्या मोबाईलवर स्क्रीन अडखळते, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असते! ऑब्जेक्ट यूजमेमोत ठेवा, म्हणजे फ्लॅग बदलेपर्यंत तोच वापरला जाईल. फ्लॅग क्वचितच बदलतात, तेवढ्याने भागतं.

दोन्हीकडे एक पाळाच: नेट नसेल तर फ्लॅग बंद धरून जुनाच फॉर्म उघडू द्या.