ह्यूगो : माजघरातही उघडणारी वेबसाइट

नाशिकला कॉलेज रोडला माझं छोटं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. पोट नव्या बांधकामांवर चालतं, जीव जुन्या वाड्यांच्या मोजणीत आणि रेखाटनांत. त्यामुळे माझी वेबसाइट निम्मी कामांचा पोर्टफोलिओ आणि निम्मा ब्लॉग. जुनी साइट वर्डप्रेस या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरवर होती आणि दिसायला झोकदार होती : वर सरकणारे मोठे फोटो, खाली उडत उडत येणारी अक्षरं. ती यंदा उतरवली आणि ह्यूगोवर नवी उभी केली. ह्यूगो हे वेबसाइट तयार करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, २०१३ पासून आहे. मराठी मजकुरासाठी ते कसं पडतं, एवढंच इथे सांगते.

वर्डप्रेस आपण पान मागितलं की ते डेटाबेसमधून जुळवून देतं. ह्यूगो सगळी पानं आपल्याच कॉम्प्युटरवर आधीच तयार करतं, आणि सर्व्हरवर जातात त्या नुसत्या एचटीएमएल फायली. डेटाबेस नाही, प्लगइनं म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम नाहीत, उठसूट अपडेटचा तगादा नाही.

याचा उपयोग काय, ते माझे वाचक कोण हे कळल्याशिवाय समजणार नाही. भद्रकाली, तिवंधा, पंचवटी इथले वाडेमालक माझी लिंक व्हॉट्सॲपवर उघडतात, तेही जाड मातीच्या भिंतींच्या आत, जिथे नेटवर्कची एखादीच काडी असते. जुनी साइट तिथे गोल गोल फिरत बसायची. नवी मी मुद्दाम सराफ बाजारालगतच्या एका वाड्याच्या माजघरात उघडून पाहिली. मजकूर लगेच आला, फोटो मागून सावकाश आले. मालक काकांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, पुराच्या पाण्याचं काही लिहिलंय का यात?" लिहिलं होतं. गोदावरीचा पूर ज्यावरून जोखतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की ज्यांचं लक्ष आपल्या जोत्याकडे जातं, त्यांच्यासाठी जोत्याच्या दगडावर आणि ओल चढण्यावर अख्खा लेख आहे. काका तो तिथेच वाचत बसले आणि माझी मोजणी तासभर लांबली.

मला सगळ्यात भावली ती फायलींची मांडणी. एक वाडा म्हणजे एक फोल्डर. त्यातच मजकूर, फोटो, रेखाटनं, सगळं. वर्गवारीही आपल्या मनाची ठेवता येते. मी 'पेठ', 'लाकूड' आणि 'कामाचा प्रकार' अशी ठेवली, त्यामुळे सागवानी तुळयांचे सगळे वाडे एका टिचकीवर समोर येतात. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉर्मॅटमध्ये बदलायचं काम, एकदा सांगून ठेवलं की, ह्यूगो स्वतः करतं. रेखाटनांना मात्र हा नियम लावू नका. जेपेगसारख्या फोटोंच्या फॉर्मॅटमध्ये बारीक काळ्या रेघांभोवती करडी धूळ दिसते. ऑटोकॅडमधून पीडीएफ आणि त्यातून एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघाच साठवणारी फाइल केली, की कितीही मोठं करा, रेघ रेघच राहते. फक्त हॅच, म्हणजे छेदातला भाग भरणाऱ्या तिरप्या रेघा, जास्त असेल तर प्रत्येक तिरपी रेघ वेगळी साठवली जाते आणि फाइल फुगते. अशा छेदचित्रांना मी पीएनजीच वापरते.

आता तक्रार. ती ह्यूगोपेक्षा त्याच्या तयार थीमांबद्दल, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यांबद्दल आहे. या थीमा करणाऱ्यांनी शिरोरेषा कधी पाहिलेली नसावी. शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून बहुतेकांनी लेटर-स्पेसिंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि 'सरकारवाडा' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्य करा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाने बेतलेलं असतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मी ते अक्षराच्या उंचीच्या पावणेदोनपट केलं, तेव्हा पान श्वास घेऊ लागलं.

मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हिंदीच्या नाहीत. पण त्यात ठळक वजन, म्हणजे जाड अक्षरांचा संचच नाही. शीर्षक ठळक करायला गेलात तर ब्राउझर अक्षरं ओढूनताणून जाड करतो आणि जोडाक्षरं बुजतात. म्हणून शीर्षकांना 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट वापरला. त्याची सात वजनं आहेत. दोन्ही फॉन्ट फुकट आहेत.

तारखांचे महिने इंग्रजीत येत होते. साइटची मुख्य भाषा मराठी ठरवून आणि थीममधली तारखेची ओळ बदलून ते सुटलं. ही ओळ लिहिताना नमुना म्हणून २ जानेवारी २००६ हीच तारीख द्यावी लागते, दुसरी चालत नाही. ज्या 'गो' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ह्यूगो लिहिलंय, तिची ही लहर.

लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह होतो. पण एकेक देवनागरी चिन्ह लिंकमध्ये नऊ-नऊ रोमन चिन्हांचं होतं आणि व्हॉट्सॲपवर टक्केवारीच्या खुणांची लांबलचक शेपटी जाते. पत्ता रोमनमध्ये आटोपशीर द्या. जुने पत्ते लेखाच्या माथ्यावर नोंदवले की ह्यूगो तिथून नव्या पानाकडे वळवणारी छोटी पानं बनवतं. माझ्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरचे क्यूआर कोड त्यामुळे वाचले.

साइट मी गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या ऑनलाइन सेवेवर ठेवली आहे. त्याला पैसे नाहीत, कुलपाची खूण असलेला सुरक्षित पत्ताही फुकट मिळतो, आणि १ जीबीची मर्यादा माझ्यासारखीला पुरते. मात्र फुकट खात्यात सगळ्या मूळ फायली सार्वजनिक ठेवाव्या लागतात. 'मसुदा' म्हणून ठेवलेला लेख साइटवर दिसत नाही, पण शोधणाऱ्याला तिथे सापडतो. मालकांची नावं, वाटण्यांचे वाद असला मजकूर मी तिकडे जाऊच देत नाही.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी ह्यूगोच्या वाटेला जाऊ नये. माझ्या ऑफिसमधली ज्युनिअर अजूनही म्हणते, "मॅडम, वर्डप्रेसमध्ये फोटो नुसता ओढून टाकला की झालं." तिचं खरं आहे. वाड्यांची पानं मी करते, नव्या बंगल्यांचे फोटो ती इन्स्टाग्रामवर टाकते.