हजाराचा राउटर की अडीच हजाराचा? आधी कुलर कुठे आहे ते सांगा

नागपुरात बर्डीवर वाय-फायचा राउटर मागितला की दुकानदार आधी अँटेना दाखवतो. "चारवाला घ्या ना भाऊ, पूर्ण घरात रेंज!" अँटेनाच्या संख्येवर जाऊ नका. राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडायचा याला सरकारी मर्यादा आहे, आणि ती स्वस्त-महाग दोघांनाही सारखीच.

कमी बजेटवाल्यांची गाडी बहुतेक टीपी-लिंकच्या दोन मॉडेलांवर येऊन थांबते. टीएल-डब्ल्यूआर८४५एन साधारण हजाराच्या आसपास मिळतो. त्यात वाय-फाय लहरींचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, खोक्यावर वेग ३०० एमबीपीएस, पण मागचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, १०० चे. म्हणजे २०० चा प्लॅन घेतला तरी निम्मा वायाच. आर्चर सी६ दोन-अडीच हजारांचा. त्यात ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही आहे, त्यावर ८६७ एमबीपीएस, आणि पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे.

आता रेंजचं. भिंतीतून २.४ बरा जातो, ५ लवकर दमतो. त्यामुळे दोन भिंतींपलीकडच्या खोलीत सी६ सुद्धा २.४ वरच येतो, आणि तिथे दोघांत फार फरक उरत नाही. फरक पडतो फ्लॅट स्कीममध्ये. मनीषनगरसारख्या ठिकाणी शेजारपाजारचे सगळे राउटर २.४ च्या पट्ट्यातल्या १, ६, ११ याच तीन चॅनलवर (वाटांवर) गर्दी करून असतात. तिथे हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झ मोकळा मिळणं हेच हजार-दीड हजार जास्त मोजायचं कारण. मी तरी सी६ घेईन.

महाल-इतवारीत ओळीने खोल्या आणि दीड फुटी भिंती असलेलं घर असेल तर मात्र एकटा कुठलाच पुरत नाही. तिथे मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल (नेटची वायर) ओढा आणि टोकाला एखादा जुना राउटर त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला नेटवर्कचे पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करून लावा. पाहुण्यांना दिसायला देखणी म्हणून मेश जोडी (वायरीशिवाय एकमेकांशी जोडलेले दोन राउटर) घ्यायची हौस असेल तर घ्या, पण दोन डब्यांमध्ये तीच भिंत आली की तीही लंगडते.

आमच्याकडे एका मे महिन्यात मागच्या खोलीतली रेंज अचानक गेली. तीन दिवस मी कंपनीच्या नावाने खडे फोडत होतो. मग लक्षात आलं, खिडकीत कुलर बसवला होता आणि राउटर नेमका त्याच्या मागे. पत्र्याची बॉडी, आत टाकीभर पाणी, वरून ओली खस; सिग्नल जाईल कुठून? राउटर दाराच्या वर, हॉलच्या मध्याकडे सरकवला, काम झालं.

आणखी एक. या राउटरांच्या कागदावर चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. वरच्या मजल्यावर स्लॅबला चिकटून, टीव्हीच्या बंद कपाटात तो ठेवणार असाल, तर कुठलाही घ्या, दुपारी रिस्टार्ट करत बसाल.