फ्लुव्हल ईव्हो ५२ लिटर: खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीसाठी कितपत चालेल?

हेगन कंपनीची फ्लुव्हल ईव्हो ही समुद्री मासे नव्याने पाळणाऱ्यांसाठीच बनवलेली तयार टाकी आहे. काच, वरचा एलईडी, मागच्या काळ्या भिंतीआड फिल्टरचे कप्पे आणि पंप एवढं सगळं एकत्र येतं. फिल्टरमध्ये स्पंजचा ठोकळा, कार्बनची पिशवी आणि बायोमॅक्सचे सिरॅमिक तुकडे असतात. हीटर, मीठ, खारेपणा मोजायचं साधन, वाळू आणि दगड हे सगळं वेगळं घ्यावं लागतं.

आमचं मत आधीच सांगतो. काच आणि जोडकाम चांगलं आहे. मागचे कप्पे ऐसपैस नाहीत, पण कामाचे आहेत. पंप जेमतेम. झाकण मात्र मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात काढूनच ठेवावं लागेल. एवढं मान्य असेल तर क्लाउनफिशच्या एका जोडीसाठी ही टाकी योग्य आहे. जोडीपलीकडे बरंच काही ठेवायचा विचार असेल तर १०० लिटरच्या खाली जाऊच नका.

नावाला ५२ लिटर असले तरी दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ४३ लिटरच्या आसपास उरतं. औषध, बॅक्टेरिया, मीठ यांचा हिशोब याच आकड्यावर करा. भरलेल्या टाकीचं वजन ६५ ते ७० किलो होतं. टीव्हीच्या पोकळ युनिटवर ती ठेवू नका. स्टँड चारही बाजूंनी लेव्हलमध्ये आहे का, हे पाणी भरण्याआधी बघा. नंतर टाकी हलवता येत नाही.

पाणी ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट वापरायचं नाही. घरच्या आरओचं पाणी चालेल असं बरेच दुकानदार सांगतात, पण पिण्याच्या बहुतेक आरओंमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर लावला की ५० ते १०० आकडा दिसतो. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट पुढे शेवाळाला खाद्य होतात. मेंब्रेनमधून निघणारं पाणी मिनरल कार्ट्रिजच्या आधीच वेगळं काढा आणि उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनच्या कार्ट्रिजमधून जाऊ द्या. मीटरवर शून्य यायला हवं. एक-दोन दिसू लागलं की रेझिन बदला.

मीठ टाकीत कालवू नका, बादलीत कालवा. आधी पाणी, मग मीठ, हाच क्रम. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेट साक्यासारखं खाली बसतं आणि परत विरघळत नाही. ब्रँडनुसार लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम लागतं, म्हणजे या टाकीला पहिल्यांदा साधारण १.६ किलो. बादलीत छोटा पंप सोडा, पाणी २५ अंशांवर ठेवा आणि पूर्ण नितळ झालं की मोजा. खारेपणा ३५ भाग प्रति हजार, म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास हवी. फक्त मासेच ठेवायचे असतील तर १.०२४ पर्यंत चालतं. रेड सी कंपनीच्या मिठात निळ्या बादलीतलं साधं मीठ या टाकीला पुरेसं आहे. काळ्या बादलीतलं कोरल प्रो प्रवाळांच्या वाढीसाठी आहे. त्याची अल्कलिनिटी (कार्बोनेटचं प्रमाण) मुद्दाम जास्त ठेवलेली असते, माशांना तिचा काही उपयोग नाही.

मोजायला काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर घेऊ नका. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो, खारेपणा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि आपण पाणी अजून पातळ करत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो थेंबभर पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगतो. तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

आता दगडांचं. भारतात या छंदाला कायद्याची चौकट आहे आणि ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, सगळे समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या आहेत. प्रवाळाचा मेलेला सांगाडाही यातून सुटत नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा समुद्रातून तोडलेला दगड बहुतेक वेळा प्रवाळाचाच असतो. तो घेऊ नका. कृत्रिम सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचा पाच किलो दगड पुरतो. नुकसान एकच, त्यावर जिवाणू आयते येत नाहीत, ते वाढवावे लागतात. फायदाही मोठा आहे. परजीवी, काटेरी किडे, तणासारखं पसरणारं एप्टेशिया हे समुद्रफूल यांपैकी काही सोबत येत नाही. दगड थेट काचेवर टेकवा आणि मग वाळू ओता, नाहीतर गोबी माशाने खालून वाळू उकरली की रचना कोसळते. अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पाच किलो, थर दोन-अडीच सेंटिमीटर. किनाऱ्यावरून उचललेली वाळू नको, ती सिलिकाची असते आणि तिच्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही.

यापुढचे चार ते सहा आठवडे टाकीत मासा नसतो, कारण माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू आधी वाढवायचे असतात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर आणायचा. ४३ लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम पावडर लागते. सोबत बाटलीतले समुद्री जिवाणू घाला. फ्रिट्झ कंपनीचं घेत असाल तर बाटलीवर टर्बोस्टार्ट ९०० आहे ना बघा, ७०० हे गोड्या पाण्याचं आहे. ही बाटली थंड ठेवावी लागते, त्यामुळे उन्हात पडून राहिलेल्या कुरिअरमधून आली असेल तर तिच्यावर विसंबू नका. अमोनिया घातल्यावर २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्रेट चढलेलं दिसलं की टाकी तयार. नायट्राइट थोडं रेंगाळलं तर घाबरायचं कारण नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते माशांना गोड्या पाण्याइतकं घातक ठरत नाही. या काळात कार्बनची पिशवी लावायची गरज नाही आणि दिवा बंदच ठेवा.

फिल्टरमधला स्पंजचा ठोकळा काढून टाका. तो घाण धरून ठेवतो, ती तिथेच कुजते आणि महिन्याभरात नायट्रेट वाढलं म्हणून आपण खाण्याला दोष देतो. त्याच जागी पांढऱ्या फिल्टर फ्लॉसचा तुकडा ठेवा आणि दर तीन दिवसांनी फेकून नवीन घाला. सिरॅमिक तुकडे राहू द्या, नळाखाली कधीच धुऊ नका. मूळ पंप तासाला ५०० लिटरच्या आसपास आहे, तोही कागदावर. क्लाउनफिशला तेवढा पुरतो, पण दगडामागे घाण साचते. सिसे कंपनीचा थोडा जास्त ताकदीचा पंप त्याच कप्प्यात बसवला तर फरक लगेच दिसतो. मूळ पंप धुऊन स्पेअर म्हणून ठेवा.

या टाकीचा खरा कस उष्णतेत लागतो. बंद झाकण, वर दिवा, आत पंप, आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या खोलीत टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे पृष्ठभागाजवळ धापा टाकतात. पाणी थंड करणारा चिलर टाकीपेक्षा महाग पडतो आणि स्वतःची उष्णता खोलीतच सोडतो. बहुतेकांसाठी साधा उपाय बरा: झाकण काढा, त्या जागी बारीक जाळीची चौकट बसवा आणि पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावून तो थर्मोस्टॅट कंट्रोलरला जोडा. पाणी दोन-तीन अंश उतरतं. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा परिणाम घटतो. पुणे-नाशिकच्या डिसेंबरात उलट ५० वॉटचा हीटर लागतो. तो मागच्या कप्प्यात अशा जागी बसवा जिथे तो कायम पाण्याखाली राहील. वीज गेली तर हा पंप इन्व्हर्टरवर सहज चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीचा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

पंखा चालू असताना रोज लिटरभर पाणी उडतं. मीठ मात्र मागे राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर ४३ चे ४० लिटर होतात आणि खारेपणा ३५ वरून साडेसदतीसपर्यंत चढतो. म्हणून भर रोज घाला आणि ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. पंपाच्या कप्प्यात पातळी आधी घसरते. टाकीत अचानक बारीक बुडबुड्यांचा धूर दिसू लागला की पंप हवा ओढतोय असं समजा. पातळी घसरली की आपोआप भर घालणारा ऑटो टॉप-ऑफ लावणार असाल तर साठ्याचं भांडं मुद्दाम पाच लिटरचंच ठेवा. सेन्सर अडकला आणि सगळं भांडं रिकामं झालं तरी खारेपणा ३१ च्या खाली जाणार नाही.

मासे कोणते? हॅचरीत वाढलेल्या ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एक थोडा लहान आणि एक मोठा. समुद्रातून पकडलेले क्लाउन स्वस्त मिळतात, पण ब्रूकलिनेला हा परजीवी घेऊन येतात आणि चार दिवसांत अंगावर चिकट थर धरून मरतात. भारतात क्लाउनफिशचं प्रजनन सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केलं आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीतही महाराष्ट्राच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. त्यामुळे हॅचरीचे मासे मागा आणि दुकानात खाताना बघूनच घ्या. जोडी रुळली की महिन्याभराने एक वॉचमन गोबी. बस. ब्लू टँग या टाकीत ठेवू नका, त्याला निदान ४०० लिटर लागतात. डॅम्सल स्वस्त आणि चिवट असतो, पण नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला मारतो. मँडरिन मासा कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांवर जगतो, नव्या टाकीत उपाशी मरतो.

कुरिअरने आलेल्या माशाच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत (ड्रिप लावून) दोन तास बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. खारेपणा जुळवून ठेवलेल्या क्वारंटाइन टाकीत, म्हणजे नवा मासा काही दिवस वेगळा ठेवायच्या टाकीत, तापमान सारखं करून मासा लगेच सोडा. तांब्याचं औषध द्यायचं झालं तर तिथेच द्या; मुख्य टाकीत ते गेलं की गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

दिवा सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम म्हणजे सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ आहे, सिलिकेट संपलं की जातं. औषध टाकू नका. तीन-चार सेरिथ आणि दोन नॅसॅरियस गोगलगायी तेव्हा सोडा. दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदला, नायट्रेट लिटरला ५ ते १५ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहू द्या. नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकं पूर्ण शून्यावर नेली तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा लोळ येतो आणि तो हटवणं डायटमपेक्षा कितीतरी अवघड जातं.