जीएनयू गो ३.८: मी वाचली ती एकच फाइल

जीएनयू गो हा गो नावाचा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा पटावरचा खेळ खेळणारा जुना प्रोग्राम. आजच्या काळात त्याच्याशी खेळायला मी कुणाला सांगणार नाही. ३.८ आवृत्ती २००९ची. कटागो या नव्या गो प्रोग्रामपुढे तिचा टिकाव लागत नाही. पण स्वतःचा गो प्रोग्राम लिहीत असाल, तर ‘इंजिन’ फोल्डरमधली ‘बोर्ड.सी’ उघडाच. फुकट आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे.

आधी माझं रडगाणं. माझा प्रोग्राम दर खेळीला अख्खा पट कॉपी करायचा आणि प्रत्येक समूहाच्या (एकमेकांना जोडलेल्या एकाच रंगाच्या खड्यांच्या) लिबर्ट्या, म्हणजे त्याला लागून असलेली रिकामी घरं, फ्लड-फिलने, म्हणजे एका खड्यावरून शेजारच्या खड्यावर पसरत, नव्याने मोजायचा. ९×९वर खपून गेलं. १९×१९वर शिडी, म्हणजे पळणाऱ्या समूहाचा लांबलचक पाठलाग, वाचायला लावली, की मी चहा टाकायला उठायचो. मग कॉपी टाळायला खेळी मागे घेणारा कोड लिहिला. पकडलेले खडे पटावर परत यायचे, पण शेजारच्या समूहाच्या लिबर्ट्या एकाने चुकायच्या. कधीतरीच, हा खरा ताप. दोन रविवार गेले.

‘बोर्ड.सी’त प्रत्येक समूहाची नोंद ठेवलेली आहे: रंग, खडे किती, लिबर्ट्या कोणत्या, शेजारी शत्रूचे समूह कोणते. खडा पडला की ज्यांना धक्का लागतो तेवढ्याच नोंदी बदलतात. आणि कुठलीही किंमत बदलण्याआधी तिचा पत्ता व जुनी किंमत स्टॅकवर टाकायची. मागे फिरताना वरून एकेक उचलून जागच्या जागी ठेवायची, बस्स. खेळीत खडे पकडले होते की दोन समूह जोडले होते, याची चौकशीच नाही! माझा दीडशे ओळींचा कोड त्याच रात्री उडवला.

सामाईक लिबर्टी दोनदा मोजू नये म्हणून घरांवर खुणा करतात. पण नव्या मोजणीआधी खुणा पुसत कुणी बसत नाही. खुणेचा आकडाच एकाने वाढवतात, की जुन्या खुणा आपोआप बाद. पट म्हणजे ४२१ घरांचा सरळ अ‍ॅरे. एका ओळीची उजवी भिंत तीच पुढच्या ओळीची डावी. चाळीत असते तशी.

तक्रारी आहेतच. पट ग्लोबल आहे, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला एकच, त्यामुळे दोन थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी, दोन पट चालवायचं विसरा. मॅक्रो इतके की डीबगर हात टेकतो. लिबर्ट्यांची यादीही ठरावीक मर्यादेपर्यंतच. त्यापुढे नुसती संख्या मिळते. हे मला उशिरा कळलं.

जुना फ्लड-फिल मात्र मी ठेवलाय. चाचणीत दर खेळीनंतर तोच नव्या नोंदी तपासतो.