ऑलिम्पस ट्रिप ३५ : ठाण्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

जुना, स्वस्तातला फिल्म कॅमेरा घेताना त्याला काय काय लागत नाही, ते आधी बघावं. ट्रिप ३५ला बॅटरी लागत नाही. कपाटात चार जुने कॅमेरे असूनही गळ्यात हाच अडकतो, त्याचं निम्मं कारण हे.

१९६७ साली आलेला हा कॅमेरा. लेन्सभोवती माशीच्या डोळ्यासारखी जी जाळी दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा सेल आहे. उजेड पडला की तो स्वतःच वीज बनवतो आणि उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलते. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, कॅमेरा ठरवतो; शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद. आपण फक्त अंतर लावायचं: एक मीटर, दीड, तीन किंवा अनंत. तेही विसरायला होतंच, म्हणून व्ह्यूफाइंडरच्या तळाशी एक बारीक खिडकी दिली आहे. तिच्यातून लेन्सवरचं चिन्ह दिसतं. ४० मिमीची झुइको लेन्स मात्र किमतीच्या मानाने फारच चोख. तलावपाळीच्या सकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोंत त्रुटी शोधावी लागते.

खरी परीक्षा जुलैत. जांभळी नाक्याच्या बाजारात ताडपत्रीखाली शिरलं, की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर दबतच नाही. पावसाळ्यात आयएसओ ४००चाच रोल भरा (आकडा मोठा, तेवढा कमी उजेड पुरतो). कॅमेऱ्यावरचा आयएसओचा डायल त्यापुढे जात नाही, त्यामुळे ८००च्या फंदात पडू नका. तरीही अडलं तर ॲपर्चरची रिंग 'ए'वरून (ऑटो) काढून २.८वर, म्हणजे सगळ्यात मोठ्या छिद्रावर आणा. मग १/४०ला क्लिक होतो, हात स्थिर ठेवायची जबाबदारी आपली.

उजेडापेक्षा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. आपल्याकडे लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. सोबत येणारं चामड्याचं कव्हर दिसतं झकास, पण ओल धरतं. त्यात कॅमेरा ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बस्स. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं.

विकणारा 'एकदम वर्किंग' म्हणतोच. 'ए'वर ठेवून लेन्स आणि जाळी तळहाताने झाका आणि बटण दाबा: लाल पट्टी यायलाच हवी. मग उन्हात धरा: तिथेही पट्टी आली तर सेल मेला, असं समजून पुढे चला. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. मागच्या दाराचा, उजेड अडवणारा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो घरी बदलता येतो.

कॅमेरा स्वस्त, छंद नाही. थोडेच रोल धुऊन, स्कॅन करून झाले, की खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जातो.

संध्याकाळचे फोटो जास्त काढणार असाल तर हा घेऊच नका. याशिका इलेक्ट्रो ३५ बघा, १.७ची, म्हणजे ट्रिपपेक्षा जास्त उजेड घेणारी लेन्स आहे. फक्त तिची ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही. अडॅप्टर शोधावा लागतो, आणि बॅटरी संपली की शटर १/५००वरच चालतं.