सिमेंटच्या आत अर्धा वॅट, चांदीच्या खाली लोखंड: घरी लिनियर बांधणाऱ्यांनो, सावध राहा

माझ्या लिनियरच्या, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओची पॉवर वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, सामानात फोनवरून माल विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. आधी रक्कम सांगतो: २०,५३० रुपये. कॉइलचे ६,८००, ब्लीडर (स्विच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे) आणि ग्लिच (आर्कचा करंट रोखणारे) रेझिस्टर यांच्या संचाचे २,४५०, सप्रेसरसाठी चार कार्बन रेझिस्टरचे १,४००, कुरिअरचे ३८०. शिवाय व्हॅक्यूम व्हेरिएबल कपॅसिटरसाठी ९,५०० अ‍ॅडव्हान्स. तो कपॅसिटर आजतागायत आलेला नाही. घरात हा आकडा सांगताना मान खाली गेली. पण पैशाचा राग एक वेळ गिळता येतो. ज्या रेझिस्टरच्या भरवशावर आपण हाय व्होल्टेजच्या डब्यात हात घालतो, तेच या माणसाने खोटे विकले, हे गिळता येत नाही.

लिनियर ८१३ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची ट्यूब), तिच्या प्लेटला २,००० व्होल्ट. फिल्टरला २२० मायक्रोफॅरडचे सहा इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये, प्रत्येकावर ४७ किलोओहम, १० वॅटचा ब्लीडर. एकेका कपॅसिटरवर साधारण ३३३ व्होल्ट येतात, म्हणजे ब्लीडरमध्ये २.४ वॅटच्या आसपास उष्णता होते. खरा १० वॅटचा असेल तर तो त्याला जुमानत नाही, आणि स्विच बंद केल्यावर मिनिटभरात सगळी साखळी रिकामी होते. सगळा हिशोब कागदावर होता. मी काही अंदाजपंचे सामान मागवलं नव्हतं.

इंदुरात हे सामान शोधून बघा. जेल रोडवर मोबाईल, महाराणी रोडवर वायरी, पंखे आणि एलईडी. व्हॉल्व्हचं नाव काढलं की दुकानदार आपल्याकडे नुसते बघत राहतात. अशा वेळी एक माणूस फोनवर शुद्ध मराठीत बोलतो, "काका, तुम्ही रामबागेतले म्हणजे आपलेच" म्हणतो, प्लेट व्होल्टेज विचारतो, पाय (π) नेटवर्कचा लोडेड क्यू १२ धरलाय का ते विचारतो. रेडिओ स्टेशनच्या जुन्या ट्रान्समीटरमधून निघालेला माल आहे, असं सांगतो. ओळखीच्या एका हॅमने त्याच्याकडून व्हॉल्व्हचे सॉकेट घेतले होते, ते चांगले निघाले होते. विश्वास ठेवायला आणखी काय लागतं? ज्याला विषयातलं काही कळत नाही अशा भामट्याने मला फसवलेलं नाही. याला सगळं कळतं, आणि कळत असूनही त्याने हे केलं.

खूण मात्र समोर आली होती, आणि रात्री झोप उडते ती तिच्यामुळे. सप्रेसरसाठी मला कार्बन कॉम्पोझिशनचे ४७ ओहम, २ वॅटचे रेझिस्टर हवे होते. प्लेटजवळ व्हीएचएफला (फार वरच्या फ्रिक्वेन्सीला) उठणारं पॅरासिटिक, म्हणजे नको असलेलं आंदोलन, दाबायला त्यांच्यावर तारेचे दोन-चार वेढे घालतात. तिथे वायरवाउंड चालत नाही, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो. त्याने पाठवलेल्या फोटोत रेझिस्टर तपकिरी होते, पण दोन्ही टोकं फुगलेली आणि मध्ये कंबर. कार्बन कॉम्पोझिशन सरळ नळीसारखा असतो. टोकं फुगतात ती फिल्म रेझिस्टरची, आत टोपणं असतात म्हणून. मी विचारलं. उत्तर आलं, "काका, अ‍ॅलन-ब्रॅडलीच आहेत, नवा लॉट आलाय."

नवा लॉट! अ‍ॅलन-ब्रॅडलीने कार्बन कॉम्पोझिशन बनवणं १९९० च्या दशकातच थांबवलं. आता मिळतो तो जुना साठा, नवा लॉट येणार कुठून? हे मला माहीत होतं, आजचं नाही, कित्येक वर्षांपासून माहीत होतं. तरीही मी पैसे पाठवले, कारण तोवर त्याने माझ्या कॉइलचं गणित माझ्याआधी करून दाखवलं होतं. इतकं जाणणारा माणूस दोन शब्द चुकीचे बोलला असेल, असंच कोणालाही वाटलं असतं.

पार्सल आलं, मी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजला. सगळे बरोबर! कृपा करून "मोजले नव्हते का?" असं मला विचारू नका. मल्टिमीटर ओहम सांगतो, वॅट सांगत नाही.

व्हॉल्व्ह न लावता नुसता पॉवर सप्लाय चालवून पाहिला. थोड्या वेळाने जळका वास आला, बंद केला. व्होल्टमीटरची सुई खाली आली आणि हजाराजवळ रेंगाळत राहिली. ब्लीडर शाबूत असते तर ती शून्याकडे गेली असती. सहापैकी तीन आतून तुटले होते आणि त्यांचे कपॅसिटर भरलेले होते. त्या डब्यात मी हात घातला नाही, कारण अर्थिंगची काठी (टोकाला जमिनीशी जोडलेली तार असलेली) लावल्याशिवाय हाय व्होल्टेजला शिवायचं नाही हे मला शिकवणाऱ्यांनी अंगात भिनवलं आहे. नवख्या मुलाने मीटर बसवला नसता, काठी ठेवली नसती, तर काय झालं असतं? हे तुम्हीच सांगा, कारण पोलिसांना त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पक्कडीने एक ब्लीडर फोडला. आत अर्ध्या वॅटचा फिल्म रेझिस्टर, भोवती सिमेंट, वर ताज्या शाईत १०W. हाय व्होल्टेजच्या वाटेवर बसवायचा २५ ओहमचा ग्लिच रेझिस्टर फोडला, त्यातही तेच. व्हॉल्व्हमध्ये आर्क झाला तर करंट ८० अँपिअरच्या आत रोखायला तो असतो. हा काय रोखणार होता?

मग कॉइलला लोहचुंबक लावला. चिकटला. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार म्हणून ६,८०० रुपये घेतले होते, आणि हाती आलं निकेल चढवलेलं लोखंड. १४ मेगाहर्ट्झला तांब्यात करंट वरच्या जेमतेम १८ मायक्रॉनमध्ये वाहतो, आणि टँकमध्ये (कॉइल आणि कपॅसिटरच्या जोडीत) फिरणारा करंट प्लेटच्या करंटच्या कितीतरी पट असतो. तिथे निकेल आणि लोखंड म्हणजे पॉवर अँटेनाला जायच्या ऐवजी कॉइल तापवणार. कॉइल घ्या, चुंबक लावा, मग पैसे द्या. विकणारा समोर नसेल तर चुंबक लावल्याचा व्हिडिओ मागा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे शांतता. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, माल तुम्हाला मिळाला, मग फसवणूक कसली? ठाण्यात सगळा माल टेबलावर मांडला. साहेबांनी कॉइल उचलून विचारलं, "ये है क्या? बम-वम तो नहीं?" मग माझंच वायरलेसचं लायसन्स मागितलं. ते दाखवलं, जनरल ग्रेड आहे हे सांगितलं. मग माझा पत्ता, माझी नोकरी, माझा अँटेना किती उंच आहे. लुबाडलेला माणूस मी, आणि जबाब माझाच चाललेला! शेवटी, "सर, ये तो सिविल मैटर है. और आदमी दूसरे स्टेट का है, वहाँ जाकर रिपोर्ट कीजिए." १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. हे मी छापून नेलं होतं. कागद न वाचताच परत दिला. २०,५३० ही रक्कम त्यांच्या लेखी काहीच नाही. माझ्या पेन्शनमधून ती गेली आहे.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. कुरिअरच्या पावतीवरचा पत्ता खोटा निघाला. म्हणून पक्कं बिल आणि जीएसटी क्रमांक मिळाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, विकणारा कितीही गोड मराठी बोलो. आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. ब्लीडर अर्धा डझन लागत असतील तर सात मागवा आणि एक फोडून बघा. उरलेल्यातला एक आधी, साखळीत त्याच्या वाट्याला येणार तेवढ्या व्होल्टेजवर तासभर तापवून बघा.

त्या माणसाचा धंदा बंद झालेला नाही. परवाच एका मित्राला त्याच नंबरवरून त्याच कॉइलचा फोटो आला, किंमत आता ७,२००. गेल्या काही महिन्यांत कोणी फोनवरून पांढरे सिमेंटचे, ताज्या शाईचे ४७ किलोओहम घेतले असतील, तर सप्लाय चालू करू नका. चालू केलेला असेल तर बंद करा, प्लग काढा, आणि झाकण उघडल्यावर काठीने प्रत्येक कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नका. आणि तक्रार नक्की नोंदवा. माझी एकट्याची पडून आहे, दहा जणांच्या झाल्या तर कोणाला तरी फाईल उघडावी लागेल.