मॉडेल किट: तीन-चार धातूंपर्यंत मस्त, सहाला हात टेकले

मेटल कार्बोनिल क्लस्टर (एकमेकांना जोडलेले धातूचे अणू आणि त्यांना चिकटलेले कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ) शिकवायचे होते म्हणून हे इनऑर्गॅनिकवालं बॉल-स्टिक किट मागवलं. नुसतं चित्र बघून पोरांना काही कळत नाही, हातात घेऊन फिरवलं की कळतं.

आधी ट्रायरुथेनियम डोडेकाकार्बोनिल, म्हणजे तीन रुथेनियम, बारा सीओ, केलं. लॅबमध्ये हे रुथेनियम क्लोराइडच्या सोल्युशनमध्ये सीओ गॅस सोडून करतात, छान केशरी क्रिस्टल मिळतात. प्रत्येक रुथेनियमला चार सीओ आणि दोन शेजारी रुथेनियम, म्हणजे सहा भोकांचा गोळा बरोबर पुरतो. पण भोकं 90 अंशांवर आणि त्रिकोणाला हवेत 60, त्यामुळे नळ्या धनुष्यासारख्या वाकतात. लवचिक आहेत म्हणून तुटल्या नाहीत, हा प्लस पॉइंट. चार इरिडियम, बारा सीओचं पण झकास झालं, तीन शेजारी, तीन सीओ, परत सहाच.

मग आयर्न. फॉर्म्युला तसाच, तीन धातू बारा सीओ, पण इथे दोन सीओ एकाच कडेवर ब्रिज करून (दोन्ही आयर्नना एकदम जोडून) बसतात त्यामुळे त्या दोन आयर्नना सात-सात भोकं लागतात आणि सातचा गोळा किटमध्ये नाहीच, शेवटी गरम सुईने पाडलं. आयर्न लहान म्हणून ब्रिज जमतो, रुथेनियम-रुथेनियम अंतर 2.85 अँगस्ट्रॉम, तिथे सीओला ताण पडतो. पण धातूंमधल्या नळ्या सगळ्या एकाच मापाच्या, मग हा फरक दाखवणार कसा?

सहा ऱ्होडियम, सोळा सीओ करताना तर आठ भोकं लागतात. चार सीओ तीन-तीन धातूंच्या फेसवर (त्रिकोणी बाजूवर) बसतात, तिथे कार्बनचा साधा काळा गोळा फिट बसला, तेवढंच समाधान. पण मोजायला बसलो तर दर धातूला 18 या नियमाने सहांना 108 इलेक्ट्रॉन हवेत, आहेत 86 (ऱ्होडियमचे 9-9, सीओचे 2-2), म्हणजे 22 कमी, एका बंधाने दोन भरून निघतात म्हणजे 11 बंध, आणि हातातल्या अष्टफलकाला नळ्या 12! एका पोरीने लगेच विचारलं, सर एक नळी जास्तीची का? मॅन्युअल म्हणतं एक नळी म्हणजे एक बंध. तीन आणि चारच्या क्लस्टरला ते चालतं, त्यांचे 48 आणि 60 इलेक्ट्रॉन घेऊन तसंच मोजा, 3 आणि 6 बंध येतात. इथे इलेक्ट्रॉन अख्ख्या पिंजऱ्याचे, कुठल्या एका नळीचे नाहीत, त्याला वेडचे नियम लागतात (वेड हे केमिस्टचं नावच आहे हो). मॅन्युअलमध्ये त्याची एक ओळ नाही.

5 पैकी 3 स्टार. आणि एकाच धातूला लागणाऱ्या सीओसाठीचे दोन भोकांचे सरळ कार्बन दहाच आले, बारा तरी द्यायचे की राव, दोन जुन्या किटमधले लावले.